साडेआठचा फोटो

१

सकाळी आठला मी सोलापुरातल्या सात रस्ता चौकातल्या ऑफिसचं कुलूप काढतो. ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची दहा बाय बाराची खोली, दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर लावलेला जुना मोठा मॉनिटर. लोकांच्या वेबसाइट करून देतो. चादरींची दुकानं, दोन मंगल कार्यालयं, एक दातांचे डॉक्टर. वय सत्तेचाळीस. डोक्याच्या मागच्या बाजूला रुपयाएवढं टक्कल पडलंय. ते मला दिसत नाही, पण माझी बायको पूनम त्यावर बोट टेकवून रोज सांगते, "सिद्धनाथराव, आज दोन रुपयांचं झालं." काम संपत नाही आणि मी दमतो. माझ्याबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे.

यातलं एक काम मी फुकट करायचो. त्याचं नाव 'खुशाली'.

माझी आई, म्हाळसाबाई, सांगोला तालुक्यातल्या वस्तीवर चार शेळ्या घेऊन एकटी राहते. सोलापूरला ये म्हटलं तर म्हणते, "तितं मला कोण वळखतंय?" गेल्या वर्षी ती गोठ्यात घसरून पडली आणि दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत तशीच पडून राहिली. शेजारच्या बजाबाईंनी बघितलं म्हणून वाचली. मला फार लाज वाटली. आता रोज फोन करीन असं मी तिला कबूल केलं आणि वीस दिवस केलाही. मग एक दिवस राहिला, मग दोन दिवस राहिला. आपल्याच्यानं हे व्हायचं नाही हे कळल्यावर मी 'खुशाली' तयार केली.

आईच्या फोनवर एक मोठं हिरवं बटण दिसतं. सकाळी उठून तिनं ते दाबायचं. दाबलं की फोन एक फोटो काढतो आणि वेबसाइटच्या पानावर तिच्या नावाचा चौकोन हिरवा होतो, फोटोसकट. फोटोत बहुधा अर्धं कपाळ, एखादा कान आणि वरचा पत्रा यायचा. ओळखीच्यांनी बघितलं, त्यांनीही मागितलं. होता होता अडतीस चौकोन झाले. अडतीस म्हातारी माणसं, अडतीस घरं.

पण मुलं ते पान काही उघडेनात. लिंक पाठवली तर कुणी बघत नाही, फोटो पाठवला तर सगळे बघतात. म्हणून मी जावास्क्रिप्टमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. रोज सकाळी साडेआठला ती आपणहून एक ब्राउझर उघडते. हा ब्राउझर पडद्यावर दिसत नाही. त्याला खिडकी नसते, त्याच्याकडे कुणी बघत नसतं. तो खुशालीचं पान उघडतो, सगळे चौकोन भरेपर्यंत थोडा थांबतो, पानाचा स्क्रीनशॉट काढतो, तो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकतो आणि मिटतो. तोच स्क्रीनशॉट माझ्या भिंतीवरच्या मॉनिटरवर दिवसभर लागलेला असतो. ग्रुपवर सगळे त्याला साडेआठचा फोटो म्हणतात. पुण्यात, पिंपरीत, हैदराबादेत बसलेली मुलं चहा पिता पिता त्यात आपला चौकोन शोधतात, हिरवा दिसला की हात जोडल्याचं चित्र टाकतात आणि कामाला लागतात. मीही तेच करायचो. आईचा चौकोन पहिलाच, वर डावीकडे.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. रोज दोन-तीन चौकोन करडे राहायचे. कुणाचा फोन चार्जिंगला, कुणाला रेंज नाही, कुणी बटण दाबायचं विसरलं. मग आठ पस्तीसला माझा फोन वाजायला लागायचा. "सर, आमच्या आईचं काय झालं?" मला काय माहीत काय झालं? तुम्हीच फोन करून विचारा की. पण असं बोलता येत नाही. कंटाळून एक दिवस मी स्क्रिप्टमध्ये तीन ओळी वाढवल्या. साडेआठला एखादा चौकोन करडा असेल तर स्क्रीनशॉटपुरता तिथं कालचा हिरवा फोटो ठेवायचा.

त्यानंतर आठ पस्तीसचे फोन बंद झाले. सगळे खूश होते.

२

मार्चमधल्या एका सोमवारी नऊच्या सुमारास वैजयंतीताईंचा फोन आला. त्या जुळे सोलापुरात राहतात. त्यांची आई रत्नम्मा अक्कलकोटकडच्या एका गावात असते.

"सर, आईचा चौकोन आज हिरवा कसा काय हो?"

"चांगलंच आहे की."

"अहो, आई शनिवारपासून माझ्याकडंच आहे. तिचा फोन बंद पडलाय, माझ्या कपाटात आहे. घराला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये."

मी मनातल्या मनात जीभ चावली. तीन ओळींची चोरी आता उघड होणार असं वाटलं. "जुना फोटो राहिला असेल ताई," मी म्हणालो, "कधी कधी पान शिळं दिसतं."

"जुना नाही हो हा. मोठा करून बघा ना. हे घोंगडं कुणाचं?"

मी मॉनिटरपाशी जाऊन त्यांच्या आईचा चौकोन मोठा केला. रत्नम्माचा फोटो म्हणजे रोजचं विभूती लावलेलं कपाळ आणि मागं निळी भिंत. आज कपाळ नव्हतं. निळी भिंत होती, बंद खिडकीच्या फटीतून आलेला उजेड होता आणि खाली कोपऱ्यात काळ्या घोंगड्याची किनार दिसत होती. नीट अंथरलेलं घोंगडं.

"आमच्या घरात घोंगडं नाही," वैजयंतीताई म्हणाल्या. "कधीच नव्हतं."

आमच्या घरी असतं. आम्ही मेंढरांमागची माणसं. पाहुणा आला की त्याला घोंगडं टाकायचं ही आमच्यातली रीत. घरच्या माणसाला कुणी टाकत नाही, त्यानं भुईवर बसायचं. लहानपणी मी पाहुण्यांसाठी टाकलेल्या घोंगड्यावर जाऊन लोळायचो आणि आई मला पायानं ढकलून म्हणायची, "ऊठ, तू काय पाव्हणा हायस?"

दुसऱ्या कुठल्या तरी घरचा फोटो या चौकोनात आला असणार, असं मी वैजयंतीताईंना सांगितलं. त्यांना ते पटलं. मलाही जवळजवळ पटलं. पण निळी भिंत तर रत्नम्माचीच होती.

३

त्याच दिवशी मी त्या तीन ओळी काढून टाकल्या. मला त्यांची लाज वाटत होतीच, आता भीतीही वाटायला लागली. म्हटलं, उद्या करडे चौकोन करडेच दिसू देत. फोन आले तर आले.

मंगळवारी साडेआठला मॉनिटरवरचं चित्र हललं आणि नवा स्क्रीनशॉट आला. अडतीसच्या अडतीस हिरवे.

ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पडायला लागली. पंखा कुरकुरत होता. मी सर्व्हरवर जाऊन त्या सकाळी आलेल्या नोंदी मोजल्या. तेहतीस भरल्या. म्हणजे पाच जणांनी बटण दाबलंच नव्हतं आणि स्क्रीनशॉटमध्ये तेही हिरवे होते. ते पाच कोण, हे शोधायला आणखी एक ओळ लिहावी लागली असती. एवढ्यात दातांच्या डॉक्टरांचा फोन आला, की त्यांच्या वेबसाइटवर अपॉइंटमेंट होत नाही. तो दिवस त्यात गेला.

ती एक ओळ मी त्या दिवशी लिहिली नाही. बुधवारी लिहिली नाही, गुरुवारीही लिहिली नाही. आज विचार केला तर माझं मलाच खरं वाटत नाही, पण तेव्हा असं वाटायचं की सगळं हिरवं दिसतंय ना, मग उद्या बघू.

रत्नम्माचा चौकोन मात्र मी रोज बघायचो. रोजचे स्क्रीनशॉट साठवलेले असतात. ते मी मॉनिटरवर एकामागून एक लावले. सोमवारी घोंगड्याची किनार. मंगळवारी घोंगडं जरा जास्त दिसत होतं. बुधवारी त्याच्या मधोमध खळगा पडलेला, कुणी तरी बसून उठल्यावर पडतो तसा. गुरुवारी घोंगड्यावर एक गुडघा होता. फक्त गुडघा, त्यावर फिकट रंगाचं कापड आणि मागं ती निळी भिंत. घराला कुलूप होतं आणि किल्ली वैजयंतीताईंच्या पर्समध्ये होती.

मी वैजयंतीताईंना फोन लावला नाही. कुणी तरी घरात शिरलंय म्हणावं, तर त्याचा फोटो बंद फोनमधून कसा निघाला हे मला सांगता आलं नसतं. ब्राउझर जुनं काही तरी धरून बसतो, दोन फोटो एकमेकांत मिसळतात, असं मी स्वतःला समजावलं. वीस वर्षं या धंद्यात आहे. फोटो असे मिसळत नाहीत हे मला माहीत होतं.

४

पुढच्या सोमवारी गुरुलिंग आला. एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये वेल्डिंग करणारा, पस्तिशीतला माणूस. त्याचे वडील सिद्धाप्पा खुशालीतला एकविसावा चौकोन होते. बुधवारी संध्याकाळी गावच्या लोकांनी दार उचकटलं तेव्हा ते खाटेवर होते. डॉक्टर म्हणाले, रविवारीच गेले असणार.

हे सगळं त्यानं दारात उभं राहूनच सांगितलं. तो आता माझी गचांडी धरणार असं वाटून मी खुर्चीतून उठलो.

"बसा सर, बसा," तोच मला म्हणाला. "भांडायला आलो न्हाय मी. अप्पांचं शेवटचं फोटो पायजे हुतं. सोमवार, मंगळवार, बुधवार. हिरवं दिसत हुतं की तिन्ही दिवस. मोबाईलवर बारीक दिसतंय, इतं मोठं करून दावा."

मला नाही म्हणायला हवं होतं. पण त्याच्याकडं बघून ते जमलं नाही. मी सोमवारचा स्क्रीनशॉट मॉनिटरवर लावून एकविसावा चौकोन मोठा केला. लाकडी तुळया आणि खाटेचा कोपरा. मंगळवारच्या फोटोत खाटेशेजारी भुईवर घोंगडं. बुधवारच्या फोटोत घोंगड्यावर कुणी तरी बसलेलं. तोंड दिसत नव्हतं. खाटेच्या कडेवर ठेवलेला एक हात आणि निळ्या शर्टाची बाही तेवढी दिसत होती. बाहीचं बटण लाल दोऱ्यानं शिवलेलं होतं.

गुरुलिंग जवळ गेला. मग त्यानं आपला उजवा हात उचलून मॉनिटरशेजारी धरला. निळी बाही, लाल दोरा.

"हे माझंच हाय की," तो हळूच म्हणाला. "बायकोनं शिवलंय. निळा दोरा सापडला न्हाई म्हणून."

त्यानं हात खाली घेतला.

"पर मी तर गेलोच न्हाई सर. हिरवं दिसलं म्हणून गेलो न्हाई."

मग तो खाली बसला आणि रडायला लागला. मी पंखा वाढवला, पाणी दिलं. दुसरं काय करणार? जाताना त्यानं त्या तिन्ही फोटोंच्या प्रिंट मागून घेतल्या. घडी न घालता त्या शर्टाच्या आत छातीशी ठेवल्या आणि जिन्यात थांबून म्हणाला, "काय का असंना. अप्पापाशी कोण तरी बसलं हुतं. एकटं न्हवतं."

त्याला त्याचं समाधान वाटलं, आणि मला त्या समाधानाची सगळ्यात जास्त भीती वाटली.

५

तो गेल्यावर मी ती एक ओळ लिहिली. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

बटण न दाबलेल्यांची पाच नावं आली. रत्नम्मा होती, सिद्धाप्पा होते. दोन नावं करमाळा तालुक्यातल्या केमकडची होती. आणि सगळ्यात वर, म्हाळसाबाई. शेवटची नोंद अकरा दिवसांपूर्वीची.

केमकडच्या दोघांच्या मुलांना मी आधी फोन केले आणि आत्ताच्या आत्ता गावी कुणाला तरी पाठवा म्हणून सांगितलं. मग आईला लावला. फोन बंद. बजाबाईंना लावला, त्यांनी उचलला नाही. मी भिंतीवरच्या मॉनिटरकडं बघितलं. आईचा चौकोन वर डावीकडे, हिरवागार. हा चौकोन मी रोज बघत होतो, पण त्यात काय आहे ते कधी बघितलं नव्हतं. हिरवा आहे एवढंच बघायचो.

तो मोठा करायला माझा हात पुढं होईना. झाला तेव्हा दिसलं ते एवढंच: आमच्या घराचा पत्रा, चुलीच्या धुरानं काळी पडलेली तुळई आणि खाली आमचं घोंगडं. घोंगड्यावर बसलेल्या माणसाचा खांदा. राखाडी चौकड्यांचा शर्ट.

दिवाळीत पूनमनं मला असाच शर्ट घेतला होता. तो त्या क्षणी माझ्या अंगावर होता.

मी स्क्रिप्ट पुसून टाकली. कॉम्प्युटर बंद केला, मॉनिटर बंद केला, भिंतीतला मेन स्विचही खाली केला. पूनमला फोन करून सांगितलं, आईकडं चाललोय, उद्या येईन. ती म्हणाली, "बरं झालं बाई, आठवण तरी झाली." एरवी मी चिडलो असतो. शेवटचा मी दिवाळीत गेलो होतो, तोही एका रात्रीपुरता.

एसटीनं सांगोल्याला आणि तिथून माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं फाट्यापर्यंत गेलो. सगळ्या वाटेत मी एकच गोष्ट मागत होतो, आई जिवंत असू दे. बाकी काही का असेना, ती जिवंत असू दे.

६

आई उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती.

मी अंगणातल्या बाभळीला धरून उभा राहिलो. शेळ्या ओरडल्या तशी तिनं मान वर केली, डोळ्यांवर हात धरून बघितलं. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे.

"परत आलास व्हय?" ती म्हणाली. "काय इसरलं का काय?"

"परत म्हंजे, आये?"

"सकाळी तर गेलास. आज दुपारचं कसं काय?"

मी आत गेलो. घर होतं तसंच होतं. चूल, पाण्याची घागर, वलणीच्या दोरीवर टाकलेलं घोंगडं. सवयीनं माझा हात घोंगड्याकडं गेला.

"बस की भुईला," ती म्हणाली. "पयल्या दिशी टाकलं हुतं तुला घोंगडं. इतक्या महिन्यांनी आलास, मला वाटलं पाव्हणाच झालास. आता रोजचाच हायस की. आता कशाला?"

मी भुईवर बसलो. तिचा फोन कुठाय विचारलं. अकरा दिवसांपूर्वी तो शेळ्यांच्या पाण्यात पडला होता. सुकावा म्हणून तिनं ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवला होता. मी डबा उघडून हात घातला आणि फोन बाहेर काढला. त्याच्या काचेत पाणी साचलेलं होतं, बटणाच्या फटीत ज्वारीचा दाणा अडकला होता. सुरू व्हायचा प्रश्नच नव्हता.

"त्यो पडल्याच्या दुसऱ्या दिशीपास्नं यायला लागलास बघ," आई म्हणाली. "म्हणलं, बरं झालं पडला ते."

"मी काय करतो आये, आल्यावर?"

ती हसली. "मलाच इचारतोस? बसतोस. बोलत न्हाईस. दमल्यासारखा दिसतोस लई. मी आपली बोलती शेळ्यांचं, पावण्यारावळ्यांचं, तू ऐकतोस. च्या ठेवला तर पीत न्हाईस. ऊन जरा वर आलं की जातोस."

मी बजाबाईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, "आमी कुणाला येताना बगितलं न्हाई बाबा. पर रोज सकाळी बोलत असती की कुणाशी तरी. आमाला वाटलं, तुजा फोन असंल. आमी म्हणलं, पोरगं गुणाचं हाय."

आईचं डोकं फिरलं असेल, असा एक सरळ विचार मला सुचला. वय झालं, एकटेपण आहे, दिसत नाही. तसं असतं तर किती बरं झालं असतं. पण तो राखाडी शर्ट काही तिच्या मनातला भास नव्हता, मी तो मॉनिटरवर बघितला होता.

जेवताना मी तिला सगळं खरं सांगितलं. माझ्याच्यानं गप्प राहवलं नाही. "आये, त्यो मी न्हवं. मी दिवाळीनंतर आज पयल्यांदा आलोय. रोज फोन करतो म्हणालो हुतो, त्योबी केला न्हाई. रोज येतोय त्यो मी न्हवं."

तिनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. माझ्याकडं बघत राहिली. चांगल्या डोळ्यानं बघायला म्हणून तिनं मान थोडी तिरकी केली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, वाईटही वाटलेलं दिसलं नाही. बाजारात एखादी वस्तू घ्यावी की नको असा विचार करताना ती असं बघते.

"तू न्हवं," ती म्हणाली.

"न्हवं."

"बरं," असं म्हणून ती ताटं उचलायला उठली. त्यानंतर ती माझ्याशी काही बोलली नाही.

७

सकाळी मी लवकर उठून दारात बसलो. जो कोणी येईल त्याला मी बघणार होतो. आठ वाजले, सव्वाआठ झाले. वाटेवर कुणी नव्हतं. आई आत चुलीपाशी होती.

केमकडच्या दोघांचं काय झालं हे कळायला हवं होतं. वस्तीवर माझ्या सिमला रेंज नाही, ती मिळते अंगणापलीकडच्या टेकाडावर. घरापासून पन्नास पावलांवर असेल आणि तिथून आमचं दार समोर दिसतं. दारावरची नजर न काढता मी उलट्या पावलांनी टेकाड चढलो. केमचे निरोप आले होते. दोन्ही म्हातारी माणसं सुखरूप होती, एकाचा फोन बिघडला होता, दुसरी माहेरी गेली होती.

तेवढ्यात साडेआठ वाजले आणि फोन वाजला.

ग्रुपवर साडेआठचा फोटो आला होता. माझ्याच नंबरवरून. स्क्रिप्ट पुसलेली, कॉम्प्युटर बंद, मेन स्विच खाली. तरी आला होता. अडतीसच्या अडतीस हिरवे. हात जोडलेली चित्रं पडायला लागली होती.

मी पहिला चौकोन बोटांनी मोठा केला.

आमचं घर, आतून. आई चुलीपाशी, तोंड फोटोकडं, हसत काही तरी सांगत होती. मी तिला असं हसताना बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. तिच्या समोर एक माणूस पाठमोरा बसलेला. राखाडी चौकड्यांचा शर्ट. खांदे पडलेले, लई दमल्यासारखे. डोक्यावर मागच्या बाजूला टक्कल. पूनम म्हणते ते एवढंच असणार, दोन रुपयांचं.

आणि तो भुईवर बसला होता. घोंगडं वलणीवरच होतं.

मी घराकडं बघितलं. उघड्या दारातून आत फक्त अंधार दिसत होता. पण आवाज येत होता. आई बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. मधे एकदा ती मोठ्यानं हसली.

मला पळत जायला हवं होतं. खरं सांगायचं तर मी मिनिटभर तिथंच उभा राहिलो. आणि त्या मिनिटात माझ्या मनात आलं की नऊच्या जीपनं गेलो तर दुपारी ऑफिसात पोचता येईल, डॉक्टरांचं काम राहिलंय, आणि इथं तिच्याजवळ कोणी तरी आहे. हा विचार माझाच होता. तो दुसऱ्या कुणी माझ्या डोक्यात घातला नव्हता. त्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी त्या फोटोची वाटली नाही. मग मी पळालो.

दारात पोचलो तेव्हा आत आई एकटी होती. चूल पेटलेली, समोरची भुई रिकामी. दारातून कुणी बाहेर पडलं नव्हतं. पळताना माझी नजर त्या दारावरच होती.

"आये," मी म्हणालो. मला धाप लागली होती.

तिनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं बघितलं, मान थोडी तिरकी करून. मग पदर नीट केला, वलणीवरचं घोंगडं काढलं, दोनदा झटकलं आणि दाराजवळ अंथरलं. त्याच्या सुरकुत्या हातानं सारख्या केल्या.

"या पाव्हणं," ती म्हणाली. "उनातनं आलाय. बसा. पोरगं माजं आत्ताच गेलं बगा, जरा आदी आला असता तर गाट पडली असती."

"आये, मी सिदा."

"व्हय, सिदाच म्हणत्यात त्याला," ती कौतुकानं म्हणाली. "सोलापुरात असतंय. रोज येतंय पर. एक दीस चुकवत न्हाई."

ती चहाचं आधण ठेवायला वळली. मी घोंगड्यावर बसलो. समोर चुलीपाशी भुईवर जागा रिकामी होती. तिथं बसा असं ती म्हणाली नाही.